नागपूरला समुद्र नाही, डिटेन्शनचं बिल मात्र येतं

हिंगणा किंवा बुटीबोरीचा एखादा कारखानदार पहिल्यांदाच परदेशातून मशीन मागवतो, तेव्हा त्याचा खर्चाचा कागद साधारण असा असतो: मशीनची किंमत, जहाजाचं भाडं, कस्टम ड्युटी, आयजीएसटी, न्हावा शेव्याहून, म्हणजे नवी मुंबईजवळच्या बंदरातून, नागपूरपर्यंतचं भाडं, क्रेनवाला. माल येतो, मशीन बसतं, चालूही होतं. महिन्याभराने शिपिंग लाइनचं एक बिल येतं. आकडे डॉलरमध्ये, खाली रुपयांत, त्यावर जीएसटी. वर लिहिलेलं असतं 'कंटेनर डिटेन्शन'. सीएचए, म्हणजे कस्टमचं काम पाहणारा एजंट, म्हणतो, फॉरवर्डरला, म्हणजे वाहतूक ठरवून देणाऱ्याला, विचारा. फॉरवर्डर म्हणतो, लाइनचं टॅरिफच तसं आहे. बिल फिरून फिरून मालकाच्याच टेबलावर येतं.

बंदरावरची गर्दी, वादळ, संप यांचं खापर या बिलावर फोडायची पद्धत आहे. काही वेळा ते खरंही असतं. पण आपल्याकडच्या आयातदारांची बिलं उलगडून पाहिली, तर बहुतेक पैसा दोनच ठिकाणी गेलेला दिसतो: जहाज लागण्याआधी जे कागद तयार व्हायला हवे होते त्यांत, आणि माल उतरवून झाल्यावर अंगणात उभ्या राहिलेल्या रिकाम्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये. मधला, बंदर आणि कस्टमचा भाग त्या मानाने बरा असतो.

पैसे नेमके कोण मागतंय?

लग्नाला हॉल एकाचा घेतो आणि भांडी दुसऱ्याची भाड्याने आणतो. पाहुणे गेले तरी हॉल सोडला नाही, तर हॉलवाला जास्तीचे पैसे मागणार. भांडी वेळेवर परत पोचली नाहीत, तर भांडीवाला मागणार. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एकाने सूट दिली म्हणून दुसरा देत नाही.

कंटेनरचंही तसंच आहे. डबा शिपिंग लाइनचा. लाइन ठरावीक दिवस तो फुकट वापरू देते, त्यांना 'फ्री डेज' म्हणतात. ते संपले की रोजचं भाडं सुरू होतं, ते डिटेन्शन. डबा ज्या आवारात उभा आहे ते आवार वेगळ्याचं: बंदराच्या टर्मिनलचं, बंदराबाहेरच्या सीएफएसचं, म्हणजे कंटेनर फ्रेट स्टेशनचं, किंवा आपल्या अजनीच्या आयसीडीचं, म्हणजे रेल्वेच्या कॉन्कॉर या कंपनीच्या इनलँड कंटेनर डेपोचं. त्यांचेही आपले फुकट दिवस असतात आणि त्यानंतर ग्राउंड रेंट लागतं. बाजारात या दोन्हींना सर्रास डेमरेज म्हणतात आणि त्यातून गोंधळ होतो. म्हणून बिलावर शब्द कोणता आहे यापेक्षा बिल कोणी काढलंय ते आधी पाहावं. भांडायचं कोणाशी, ते त्यावर ठरतं.

तिसरं सरकार. कस्टम कायदा १९६२ च्या कलम ४६ मध्ये २०२१ साली बदल झाला. त्यानुसार, ज्या कस्टम स्टेशनवर माल सोडवायचा तिथे तो पोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टमला द्यायचं घोषणापत्र, भरलं गेलं पाहिजे. या मोजणीत सुट्ट्याही धरतात. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यापुढे रोज १०,००० रुपये. पाच दिवस उशीर म्हणजे ३५,००० रुपये, मालाची किंमत काहीही असो. ड्युटी भरायला उशीर झाला तर कलम ४७ खाली वर्षाला १५ टक्के दराने व्याज लागतं, ते वेगळं. उशिराला सबळ कारण असेल तर अधिकारी विलंब शुल्क माफ करू शकतात, पण 'कागद यायचे होते' हे कारण तिथे फारसं चालत नाही.

चौथा ट्रेलरवाला. त्याचं हॉल्टिंग छोटं दिसतं, पण ते रोख मागितलं जातं आणि सोबत फोनवर फोन येतात: "काहून भाऊ, गाडी अजून खाली नाही झाली?"

एका बिलाची चिरफाड

आकडे मांडल्याशिवाय हे डोक्यात बसत नाही. खालचे दर फक्त उदाहरणापुरते आहेत, प्रत्येक लाइनचे वेगळे असतात. पण रचना अशीच असते.

समजा ४० फुटी कंटेनर आहे, १४ दिवस फुकट. त्यानंतरचे पहिले ७ दिवस रोज ५० डॉलर, पुढचे ७ दिवस रोज ८० डॉलर आणि त्यानंतर रोज १२० डॉलर. डबा एकूण ३४ दिवस आपल्याकडे राहिला, म्हणजे २० दिवस जास्तीचे. हिशेब: ३५० अधिक ५६० अधिक ७२०, एकूण १,६३० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर १,३८,५५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी २४,९३९ रुपये. एकूण १,६३,४८९ रुपये.

यात शेवटच्या सहा दिवसांकडे नीट पाहा. पहिल्या सात दिवसांना ३५० डॉलर पडले, शेवटच्या सहांना ७२०. दर चढता असल्यामुळे उशिराचा शेवट सगळ्यात महाग पडतो. 'एवढे दिवस गेलेच आहेत, अजून दोन दिवसांनी काय होतंय' हा विचार म्हणूनच महागात जातो.

आता ते ३४ दिवस गेले कुठे? समजा लाइनने दिवस न्हावा शेव्याला डबा उतरल्यापासून मोजले. रेल्वे रेकची वाट आणि नागपूरपर्यंतचा प्रवास यांत ८ दिवस. मूळ बीएल, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, बँकेत अडकलं, ९ दिवस. कस्टमच्या शंकेला उत्तर आणि मंजुरी, ४ दिवस. सुट्ट्या २. ट्रेलर मिळून कारखान्यात पोचायला १. पाया तयार नव्हता आणि क्रेन मिळाली नाही म्हणून माल डब्यातच राहिला, ६. रिकामा डबा परत करायला ४. बेरीज ३४.

यातली बँक, पाया आणि रिकामा डबा एवढे तीन आकडे काढले तर १९ दिवस वाचतात. उरतो जास्तीचा एक दिवस, ५० डॉलरचा. रेल्वे आणि कस्टम यांनी मिळून खाल्लेले १२ दिवस तसेच ठेवूनही!

दिवस मोजायला सुरुवात कधी होते

मुंबई-पुण्याच्या आयातदाराला हा प्रश्न एवढा जाचत नाही. न्हावा शेवा त्याच्या दाराशी आहे. नागपूरहून ते रस्त्याने आठशे किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे फ्री डेज उतरल्यापासून मोजायचे की अजनीला पोचल्यापासून, या एका ओळीने आपलं गणित पालटतं. काही लाइन आयसीडीचा माल असेल तर आयसीडीत पोचल्यापासून मोजतात, काही बंदरापासूनच. हे फोनवर विचारू नये. बुकिंगच्या वेळी ईमेलवर लिहून घ्यावं. फोनवर 'हो साहेब, तिथूनच मोजतो' म्हणणारा माणूस बिल येईपर्यंत दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

दिवस म्हणजे कॅलेंडरचे दिवस. रविवार, दिवाळी, १५ ऑगस्ट, सगळं धरून. डबा उतरतो तो दिवससुद्धा बहुधा पहिला दिवस म्हणून मोजला जातो.

नागपूरच्या माणसापुढे दोन रस्ते असतात. पहिला: माल न्हावा शेव्यालाच कस्टममधून सोडवायचा आणि ट्रेलरवर डबा चढवून इकडे आणायचा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाल्यापासून ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता मिळालाय आणि ट्रेलरचे तास कमी झालेत. दुसरा: डबा बंदरातून रेल्वेने अजनीला किंवा मिहान, बोरखेडीच्या टर्मिनलला आणायचा आणि कस्टमचं काम इथेच करायचं. माणूस आपला, अधिकारी समोर, माल तपासायला निघाला तर तासाभरात आपण तिथे. जड मालाला रेल्वे स्वस्तही पडते.

पण रेल्वेला एक अडचण आहे. पूर्ण रेक ४५ वॅगनचा, त्यावर २० फुटी ९० डबे मावतात. दिल्लीकडच्या डेपोंना एवढे डबे रोज जमतात. नागपूरचे जमायला वेळ लागू शकतो. तोवर आपला डबा बंदरात उभा. याला धंद्यात 'पेंडन्सी' म्हणतात. रेल्वेने यायचा माल मागवला असेल तर जहाज लागण्याच्या आठवडाभर आधी फॉरवर्डरला विचारावं, सध्या न्हावा शेव्याला नागपूरची पेंडन्सी किती दिवसांची आहे. उत्तर दहा दिवस आलं आणि आपले फ्री डेज बंदरापासून मोजले जात असतील, तर त्या एका खेपेला महाग ट्रेलरच स्वस्त ठरू शकतो. फक्त हा निर्णय आधी घ्यावा लागतो. डबा आयसीडीच्या कागदांवर चढल्यावर मध्येच बंदरात सोडवायचं म्हटलं, तर दुरुस्त्या, शुल्क आणि आणखी चार दिवस.

न्हावा शेव्याला सोडवणार असाल आणि माल गोण्यांत, खोक्यांत किंवा पॅलेटवर असेल, तर डबा नागपूरला आणायची गरजच काय? सीएफएसमध्ये डबा फोडून माल साध्या ट्रकमध्ये भरायचा, डबा तिथल्या तिथे परत. हमालीचा आणि हाताळणीचा खर्च वाढतो, पण दोन्हीकडचा प्रवास आणि त्यातले डिटेन्शनचे दिवस वाचतात. नाजूक मशीनला हे चालणार नाही. प्लॅस्टिक दाण्याच्या गोण्यांना बिनधास्त चालतं.

जहाज सुटायच्या आधी

माझ्या मते खरी लढाई इथे आहे आणि इथेच आपण सगळ्यात निवांत असतो. माल अजून शांघायला आहे, घाई कसली?

बीएलचा मसुदा पुरवठादार आधी पाठवतो. तो वाचायचा, ओळ न् ओळ. कंपनीचं नाव आयईसीवर, म्हणजे आयात-निर्यात कोडच्या कागदावर, आहे तसंच हवं. 'प्रायव्हेट लिमिटेड' सुटलं तरी पुढे मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे जहाजावरच्या मालाच्या यादीत, दुरुस्ती करावी लागू शकते आणि ती दुरुस्ती दिवस खाते. माल अजनीला यायचा असेल तर अंतिम ठिकाणाच्या रकान्यात आयसीडी नागपूर लिहिलेलं हवं. नुसतं न्हावा शेवा असेल तर डबा बंदरातच थांबतो. वजन, नगांची संख्या, एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) इन्व्हॉइसशी आणि पॅकिंग लिस्टशी जुळले पाहिजेत.

मग फ्री डेज. इथे एक मेख आहे. माल सीआयएफ किमतीवर घेतला असेल, म्हणजे जहाजाचं भाडं विकणाऱ्याने भरलं असेल, तर लाइनचं गिऱ्हाईक तो आहे, आपण नाही. त्याने स्वस्त भाडं मिळवताना फ्री डेज कमी घेतले असतील तर भोगणार आपण. म्हणून खरेदीच्या करारातच लिहावं: पोचण्याच्या ठिकाणी अमुक फ्री डेज, आणि तसा उल्लेख बीएलवर हवा. बीएलवर छापलेली ही ओळ पुढे वादात लाखमोलाची ठरते. एफओबीवर, म्हणजे जहाजाचं भाडं आपण भरून, घेत असाल तर लाइन आपण निवडतो, मग भाड्याच्या घासाघिशीसोबत दिवसांचीही घासाघीस करावी. बुकिंगच्या वेळी ७ दिवस वाढवून मिळणं सोपं असतं. डबा उतरल्यावर तेच मागायला गेलं की टॅरिफचं पान दाखवतात.

मूळ बीएलची भानगड. लाइनकडून डीओ, म्हणजे डिलिव्हरी ऑर्डर, मिळायला मूळ बीएल द्यावं लागतं. ते बँकेमार्फत येत असेल तर जवळच्या देशातून येणाऱ्या मालाच्या बाबतीत जहाज आधी आणि कागद नंतर, असं हमखास होतं. पुरवठादार जुना आणि विश्वासाचा असेल, पैसे देऊन झाले असतील, तर त्याला बीएल तिकडेच सरेंडर करायला सांगावं किंवा सी-वे बिल घ्यावं. मग मूळ कागदाचा प्रवासच नको. एलसी, म्हणजे बँकेचं पतपत्र, असेल तर बँकेकडून हमीपत्र घेऊन डीओ मिळवता येतो. बँक त्याचे पैसे घेते, पण नऊ दिवसांच्या डिटेन्शनपेक्षा बहुधा कमीच.

आणि एक गैरसमज: मूळ बीएल आल्याशिवाय बिल ऑफ एन्ट्री भरता येत नाही. येतं. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बीएलची प्रत ई-संचितवर, म्हणजे कस्टमच्या ऑनलाइन कागदपत्र प्रणालीवर, चढवून काम सुरू होतं. माल येण्याच्या ३० दिवस आधीपर्यंत भरायची मुभा आहे. ३१ ऑक्टोबर २०२० पासून देशभर फेसलेस असेसमेंट लागू आहे. नागपुरात उतरलेल्या मालाचं मूल्यांकन दुसऱ्याच शहरात बसलेला अधिकारी करतो. त्याच्याकडे जाऊन समजावून सांगायची सोय नाही. त्यामुळे मालाचं वर्णन इतकं स्पष्ट असावं की प्रश्नच येऊ नये: मशीनचं मॉडेल, काम, कॅटलॉगची पानं, जुनं असेल तर चार्टर्ड इंजिनिअरचं प्रमाणपत्र. शंका आलीच तर उत्तर त्याच दिवशी गेलं पाहिजे. सीएचएला माहिती द्यायला कारखान्यातला एक माणूस नेमलेला असला की यातले दोन दिवस आपोआप वाचतात.

डबा कुठे पोचला हे पाहायला एजंटच्या फोनवर अवलंबून राहायची गरज नाही. लॉजिस्टिक्स डेटा बँकेच्या संकेतस्थळावर कंटेनर क्रमांक टाकला की तो बंदरातून, टोलनाक्यांवरून कधी गेला ते दिसतं. क्रमांक म्हणजे चार अक्षरं आणि सात अंक. बीएलवर असतो. यातल्या तारखांचे स्क्रीनशॉट ठेवून द्या, पुढे उपयोगी पडतात.

कस्टमने अडवलं तर

माल तपासणीला लागला, नमुना प्रयोगशाळेत गेला, आठवडे उलटले. दरम्यान दोन्हीकडची भाडी चालू. इथे कायदा आयातदाराच्या बाजूने थोडा आहे, थोडाच. २००९ च्या कस्टम क्षेत्रातील माल हाताळणी नियमांत म्हटलंय की कस्टमने जप्त केलेल्या किंवा अडवून ठेवलेल्या मालावर आवार सांभाळणाऱ्याने भाडं किंवा डेमरेज घेऊ नये. २०१८ च्या सी कार्गो मॅनिफेस्ट नियमांत लाइनसाठीही तरतूद आहे: नोंदी तपासायला माल अडवला आणि नोंदी बरोबर निघाल्या, तर डिटेन्शन मागू नये. साठ दिवसांनंतर मात्र मागता येतं.

हे वाचून हुरळून जाऊ नये. आपली नोंद चुकीची निघाली तर हे संरक्षण गेलं. शिवाय 'अडवलं' याचा लेखी पुरावा लागतो. म्हणून माल मोकळा झाल्याबरोबर किती तारखेपासून किती तारखेपर्यंत तो कस्टमने रोखला, याचं प्रमाणपत्र मागून घ्यावं. तरीही आवारवाले आणि लाइन सहजी मान्य करतात असं नाही. न्यायालयांतही या प्रश्नावर निकाल दोन्ही बाजूंनी गेलेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या ग्रँड स्लॅम प्रकरणात तर आयातदाराचा दोष नसतानाही माल सांभाळणाऱ्याला डेमरेज घ्यायचा हक्क मान्य केला होता.

अडवणूक लांबणार असं दिसलं तर कलम ४९ खाली माल डब्यातून काढून गोदामात ठेवायची परवानगी मागता येते. मालाचं गोदामभाडं चालू राहतं, पण डबा मोकळा होऊन लाइनचं डिटेन्शन थांबतं. ही सोय फार कमी लोक वापरतात.

रिकामा डबा

माल कारखान्यात उतरला की सगळ्यांना वाटतं, संपलं. लाइनच्या लेखी काहीच संपलेलं नसतं. रिकामा डबा तिने सांगितलेल्या यार्डात आत गेला आणि पावती फाटली, तेव्हा मोजणी थांबते.

लाइन डबा कुठे परत घेणार? सगळ्या लाइन नागपुरात घेत नाहीत. काहींना तो न्हावा शेव्यालाच हवा असतो, म्हणजे पुन्हा आठशे किलोमीटर, पुन्हा दोन-तीन दिवस आणि ट्रेलरचं परतीचं भाडं. हा प्रश्न भाव ठरवतानाच विचारायचा असतो. एका लाइनचं भाडं शंभर डॉलरने जास्त असेल पण ती अजनीला रिकामा डबा घेत असेल, तर बहुतेक वेळा तीच परवडते. यार्ड भरलंय म्हणून डबा घेत नाहीत, दुसरीकडे जा, असंही होतं. तसं झालं तर त्याच क्षणी लाइनला ईमेल टाकावा: अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक यार्डाने डबा नाकारला. गेटवर ट्रेलरचा फोटो. नकाराची तारीख कागदावर असली की त्यापुढच्या दिवसांवर भांडता येतं.

पावतीला ईआयआर म्हणतात. त्यावर डब्याची अवस्था लिहिलेली असते. पत्रा दबलेला, फळी फुटलेली, तेलाचे डाग, आणि मग दुरुस्तीचं वेगळं बिल. आपण डबा ताब्यात घेताना तो आधीच दबलेला होता हे सिद्ध करायला फोटो लागतात. चारही बाजू, छत जमेल तेवढं, दार उघडल्यावर आतली फळी. ड्रायव्हरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगावं, तारीख आपोआप येते.

आणि कारखान्याची तयारी. डबा निघाल्याची बातमी आल्यावर क्रेन शोधायला निघणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. क्रेनवाल्याला तारखेऐवजी तीन दिवसांचा पट्टा देऊन ठेवला तर तो ऐकतो.

इकडून माल पाठवताना

गोंदिया-भंडाऱ्याचा तांदूळ, विदर्भातलं सूत, फेरो अलॉय. निर्यातीत पैसे जायची वाट वेगळी आहे. जहाज आपल्या डब्यासाठी थांबत नाही. बंदराचं गेट ठरावीक दिवशी उघडतं आणि कट-ऑफला बंद होतं. लवकर पोचलात तर साठवणुकीचं भाडं, उशिरा पोचलात तर 'शटआऊट': डबा मागे राहिला, पुढच्या जहाजावर. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या डब्याचं प्रमाणित वजन, म्हणजे व्हीजीएम, दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. कट-ऑफच्या दिवशी व्हीजीएम राहिलं म्हणून डबा मागे राहणं ही हळहळायचीच गोष्ट आहे.

जहाजाची तारीख पुढे गेली की अजनीहून डबा कधी हलवायचा ते पुन्हा ठरवावं लागतं. शक्य असेल तर तो आयसीडीतच थांबवलेला बरा. तिथलं भाडं बंदरापेक्षा बहुधा सोसवतं आणि माल डोळ्यासमोर असतो.

तांदूळवाल्यांना २० जुलै २०२३ आठवत असेल. त्या दिवशी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी आली. अधिसूचनेत सवलत कोणाला होती? ज्यांची जहाजावर चढवणी सुरू झाली होती, ज्यांचं शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचं कस्टमला द्यायचं घोषणापत्र, भरलेलं होतं आणि जहाज बंदरात आलेलं होतं, आणि ज्यांचा माल आधीच कस्टमकडे सोपवून त्यांच्या प्रणालीत नोंदला गेला होता, त्यांना. माल गिरणीच्या दारात भरून उभा असणं आणि कस्टमच्या नोंदीत असणं यांत एका दिवसाचं अंतर असतं. त्या आठवड्यात त्या एका दिवसाला फार मोल होतं.

पण निर्यातदाराला खरं बुडवतं ते परदेशातलं डेमरेज. डबा आफ्रिकेतल्या बंदरावर उतरला, दरम्यान भाव पडले, खरेदीदार माल उचलत नाही. तो सूट मागतो आणि रोज वाढणारं भाडं त्याच्या बाजूने घासाघीस करतं. त्याने माल टाकूनच दिला तर लाइन कोणाच्या मागे लागते? बीएलच्या मागच्या बारीक अक्षरांत उत्तर असतं: माल पाठवणाराही जबाबदार. माल दुसऱ्याला विकायचा किंवा परत आणायचा म्हटलं तरी काही देशांत मूळ खरेदीदाराचं ना-हरकत पत्र लागतं, आणि तो ते फुकट देत नाही. म्हणून नव्या खरेदीदाराकडून आगाऊ रक्कम निदान एवढी घ्यावी की येण्याजाण्याचं भाडं आणि महिन्याचं डेमरेज निघेल. जोडीला ईसीजीसीची, म्हणजे सरकारच्या निर्यात-पत विमा कंपनीची, पॉलिसी. ती घेताना खरेदीदाराने माल नाकारल्यास काय मिळेल, हे कलम आधी वाचावं.

बिल आलंच तर

जग अधूनमधून असं काही करतं की सगळी तयारी फोल ठरते. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलं. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. अशा वेळी जहाजं एकदम थव्याने येतात आणि बंदरं तुंबतात. लॉकडाउनमध्ये, मार्च २०२० ला, नौवहन महासंचालनालयाने लाइनना २२ मार्च ते १४ एप्रिलचं डिटेन्शन घेऊ नका असं सांगितलं होतं आणि पुढे ती मुदत वाढवली. लिहून मागणाऱ्यांना त्याचा फायदा जास्त झाला.

अमेरिकेत २८ मे २०२४ पासून नियम आहे की डिटेन्शनचं बिल ३० दिवसांत काढलं पाहिजे आणि त्यावर फ्री डेज, सुरुवात, शेवट, दराचा आधार सगळं लिहिलेलं हवं. नाहीतर ते भरायचं बंधन नाही. आपल्याकडे असा पहारेकरी नाही. पण बिल तपासायला तीच यादी वापरायला कोणी अडवलेलं नाही. उतरल्याची तारीख लॉजिस्टिक्स डेटा बँकेतल्या तारखेशी जुळते का? फ्री डेज बीएलवर छापले तेवढेच धरलेत का? परत केल्याची तारीख ईआयआरवरचीच आहे का, की यार्डाने दोन दिवसांनी नोंद केलेली? डॉलरचा दर कुठल्या दिवसाचा? चढत्या दराचा टप्पा एक दिवस आधीच तर बदलला नाही ना? कस्टमने रोखलेले दिवस वजा झालेत का?

चूक सापडली तर बिल भरायच्या आधी, लाइनच्या हिशेब विभागाला आणि बुकिंग घेणाऱ्या विक्रीच्या माणसाला एकत्र ईमेल करावा. सवलत द्यायचा अधिकार बहुधा या विक्रीच्या माणसाच्या साहेबाकडे असतो आणि वर्षाला किती डबे देता हे त्याला माहीत असतं. डीओ घेताना अनामत भरलेली असेल तर लाइन डिटेन्शन त्यातूनच कापून घेते आणि उरलेलं परत करायला वेळ लावते. ती अनामत वेगळ्या खात्यावर नोंदवून ठेवावी आणि डबा परत केल्याच्या दिवशीच, ईआयआर जोडून, परतफेडीचा अर्ज टाकावा.